पोलादाचा कस आणि माणसाचा शब्द

पावसाळ्याच्या तोंडाशीं मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वाळूवर ओढून घेतात. मग सुतार येतो, होडीभोंवतीं एक फेरी घालतो आणि फळीफळीवर हातोडीचा हलका टोला मारून कान देतो. निरोगी लांकूड एक आवाज देतें, कुजलेलें लांकूड दुसरा. जेथें संशय येईल तेथें तो पटाशीचें टोंक खुपसून पाहतो. होडीचा मालक शेजारींच उभा असतो. त्यालाहि तो आवाज ऐकूं येतो, त्यालाहि कुजका भाग दिसतो. परीक्षा करणारा, काम करणारा आणि त्या होडींत बसून समुद्रावर जाणारा, हीं सारीं माणसें एकाच वाळूवर उभीं असतात. लांकडाच्या युगांत विश्वासाचा प्रश्न असा डोळ्यांदेखत सुटत असे.

पोलादाचें तसें नाहीं. पोलादाचा एखादा जाड पत्रा, ज्याला गोदींत व कारखान्यांत 'प्लेट' म्हणतात, समोर उभा केला, तर तो चिवट आहे कीं ठिसूळ हें नुसत्या डोळ्यांना सांगतां येत नाहीं. एकाच रंगाचे व एकाच जाडीचे दोन पत्रे शेजारीं शेजारीं ठेवावे. त्यांतील एक वर्षानुवर्षें लाटांचे तडाखे सोशील आणि दुसरा एखाद्या थंडीच्या रात्रीं कांचेसारखा तडकेल. सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस सांगतो. सोन्याचें त्यांत फारसें कांहीं जात नाहीं. पोलादाचा खरा कस लावावयाचा तर तें तोडावेंच लागतें. जो तुकडा तोडून पाहिला तो जहाजाला अगर पुलाला लावतां येत नाहीं, आणि जो लावला तो तोडून पाहिलेला नसतो. तपासलेला तुकडा आणि वापरलेला पत्रा यांच्यामध्यें एक क्रमांक, एक ठसा आणि एका माणसाची सही एवढाच काय तो धागा असतो.

हा धागा खरा ठेवण्याची विद्या जगानें कशी मिळविली, आपल्या देशांत ती कशी रुजली आणि तो धागा तुटला म्हणजे काय होतें, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मालवणच्या श्रोत्यांना तर तो दूरचा वाटण्याचें मुळींच कारण नाहीं.

त्याचा आरंभ मालवणच्या समोरच्या बेटापासूनच करतां येतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि १६६७ सालीं तें काम पुरें झालें. सुमारें ४८ एकरांच्या त्या बेटाला वळसा घालणारा तट भर समुद्रांत उभा करावयाचा होता. भरती-ओहोटीच्या माऱ्यांत पायाचे चिरे हलूं नयेत, म्हणून ते शिसें ओतून बसविले. आतां शिशाचा गुण असा कीं, एकदां तें सांध्यांत ओतलें व वरचा चिरा चढला, म्हणजे तें पुन्हा कोणाला दिसत नाहीं. पुरतें ओतलें कीं अर्धें ओतून बाकीचें घरीं नेलें, हें फक्त ओतणाऱ्याला आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याला ठाऊक. साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ अरबी समुद्र त्या कामाची रोज दोन वेळां परीक्षा घेत आहे, आणि तट उभा आहे. त्या शिशाबद्दल याहून चांगला दाखला कोण देणार?

न दिसणाऱ्या वस्तूची तपासणी कशी करावी, याचा विचार मराठी राज्यांत पुढें लेखी स्वरूपांतहि आला. ज्या गगनबावड्याचा घाट उतरून मालवणाकडे यावें लागतें, तेथील अमात्य रामचंद्रपंत यांनीं अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत 'आज्ञापत्र' लिहिलें. त्यांत दारूच्या कोठाराविषयीं जी आज्ञा आहे ती मोठी मार्मिक आहे. कोठारांतील दारू व बाण ठराविक दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन बाहेर काढावे, ऊन द्यावें आणि परत ठेवून त्यावर पुन्हा मुद्रा करावी, असा तिचा आशय आहे. वरवर पाहतां ही केवळ सादळलेल्या दारूची काळजी वाटेल. परंतु तिच्यांत तपासणीचीं तीन मूलतत्त्वें आलीं आहेत. तपासणी एकदांच करून भागत नाहीं, ती ठराविक मुदतीनें करावी लागते. ती जबाबदार माणसानें समक्ष करावी लागते. आणि ती झाल्यावर त्याची खूण अशी ठेवावी लागते कीं, मध्यें कोणी हात घातला तर तें उघड व्हावें. पोलादाच्या कारखान्यांत आज जें चालतें तें याच तीन तत्त्वांचा विस्तार होय.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांत लोखंडाचीं जहाजें, लोखंडाचे पूल व वाफेचे बंब यांचा सुकाळ झाला, आणि त्याबरोबर बंब फुटण्याचे व पूल कोसळण्याचे प्रकारहि वाढले. तेव्हां कारखानदाराच्या शब्दापलीकडे कांहींतरी आधार हवा, असें लोकांना वाटूं लागलें. लंडन येथें डेव्हिड कर्कॉल्डी नांवाच्या गृहस्थानें धातु ताणून तोडण्याचें एक प्रचंड यंत्र बनविलें, आणि १८७४ सालीं त्याकरितां स्वतंत्र इमारत उभारली. कोणीहि यावें, तुकडा द्यावा आणि तो किती भारानें तुटला याचा निःपक्षपाती आंकडा घेऊन जावें. मतें नकोत, वस्तुस्थिति हवी, अशा अर्थाचें वचन त्यानें दारावरच कोरून ठेविलें होतें. जहाजांची पाहणी करणारी लॉईड्स रजिस्टर ही संस्था तर त्याहून पुष्कळच जुनी. पुढें १९०१ पासून ब्रिटनमधील इंजिनियरांनीं पोलादाचीं सर्वमान्य प्रमाणें ठरविण्यास प्रारंभ केला. त्यामुळें 'चांगलें पोलाद' या मोघम शब्दाच्या जागीं मोजतां येण्याजोग्या अटी आल्या.

या अटींबरहुकूम पत्र्याची मागणी कशी पुरी होते, हें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. कारण सगळें मर्म त्यांतच आहे.

आधीं मागणीपत्र. त्यांत पत्र्याची लांबी, रुंदी, जाडी, पोलादाची प्रत, तें कोणत्या प्रमाणास उतरलें पाहिजे, कोणत्या परीक्षा व्हाव्या आणि त्या वेळीं कोणी समक्ष हजर असावें, हें सारें लिहिलेलें असतें. पुढच्या पुष्कळशा भानगडींचें मूळ येथेंच असतें. मागणींत जें मागितलें नाहीं तें तपासलें जात नाहीं, आणि जें मोघम मागितलें त्याविषयीं मागाहून भांडतां येत नाहीं.

मग भट्टी. आपल्याकडे वडे तळतांना एका वेळीं कढईत सोडलेल्या वड्यांना घाणा म्हणतात, आणि एका घाण्यांतला एक वडा चाखला म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येतो. पोलादाचेंहि तसेंच आहे. भट्टींतून एका वेळीं उतरलेल्या रसाला एक क्रमांक मिळतो आणि त्याचा थोडा नमुना रसायनशाळेंत जातो. त्यांत कर्ब किती, मँगेनीज किती, गंधक व स्फुरद किती, हें पाहतात. स्फुरद वाढलें तर पोलाद थंडींत ठिसूळ होतें. गंधक वाढलें तर तापवून लाटतांनाच तडकतें. त्या रसाचे ठोकळे होतात, ठोकळे लाटून पत्रे होतात, आणि प्रत्येक पत्र्यावर घाण्याचा व पत्र्याचा क्रमांक ठोकतात.

नंतर परीक्षेच्या पट्ट्या. त्या ठराविक जागेवरून कापतात. एक पट्टी यंत्रांत धरून ताणतात. किती भार आल्यावर ती कायमची लांबते, किती भारानें तुटते आणि तुटण्यापूर्वीं किती लांबते, हीं तीन मापें टिपून घेतात. दुसरी वांकवून तडा जातो का पाहतात. तिसरीला खांच पाडून, ठराविक थंडाव्याला आणून, तिच्यावर झुलत्या घणाचा एक तडाखा देतात, आणि तिला मोडण्यांत घणाची किती शक्ति खर्च झाली तें मोजतात. अलीकडे पत्र्याच्या पोटांत दडलेली पोकळी अगर पापुद्रा शोधण्याकरितां माणसाच्या कानाला न ऐकूं येणारा ध्वनि आंत सोडून त्याचा प्रतिध्वनि यंत्रानें टिपतात. मालवणचा सुतार फळीवर टोला मारून कान देतो, त्याच युक्तीचें हें शास्त्रीय रूप होय.

हें सर्व जुळल्यावर कारखाना दाखला लिहून देतो. परंतु मोठ्या कामांत तेवढ्यानें भागत नाहीं. खरेदीदाराचा अगर तिऱ्हाईत संस्थेचा तपासनीस पट्ट्या कापतांना व तोडतांना स्वतः हजर राहतो आणि पटलें तर पत्र्यावर आपला ठसा उमटवितो. गोदींत माल उतरला कीं तेथील कोठीवाला दाखल्यावरचा क्रमांक पत्र्यावरच्या क्रमांकाशीं ताडून पाहतो. शेवटची एक शिस्त दिसायला अगदींच क्षुल्लक आहे. पत्रा कापावयाचा असेल तर कापण्यापूर्वीं उरणाऱ्या तुकड्यावरहि तोच क्रमांक ठोकून घेतात. तसें न केलें तर उरलेला तुकडा कितीहि उत्तम असला तरी तो बिनवारशी ठरतो. त्याचे मायबाप कोण हें मग कोणालाहि सांगतां येत नाहीं. ज्या कोठींत असे बिनवारशी तुकडे सांचतात आणि घाईच्या वेळीं उपयोगांत येतात, तेथें वरच्या सर्व परीक्षा फुकट गेल्या असें समजावें.

या शिस्तीची आपल्या देशाला पहिली मोठी ओळख टाटांच्या पोलादामुळें झाली, आणि त्या कथेंत मराठी मुलुखाचा वांटा थोडाथोडका नाहीं. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथल्या लोहखनिजाविषयींचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ सालीं जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला, आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनानें घेतली. चांद्याचा बेत पुढें सोडावा लागला, जमशेटजी १९०४ सालीं वारले, आणि योग्य खनिज अखेर मयूरभंजांत सांपडलें. परंतु १९०७ सालीं भांडवल उभें राहिलें तें मुंबईंत. तीन आठवड्यांत सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं १६ लक्ष ३० हजार पौंड दिले. आणि पुढें खेळतें भांडवल म्हणून ४ लक्ष पौंडांचे कर्जरोखे निघाले, ते सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं एकट्यानें घेतले.

पैसा जमला, पण विश्वास जमावयाचा होता. रेल्वेचे वरिष्ठ अधिकारी सर फ्रेडरिक अप्कॉट यांनीं कारखान्याच्या सल्लागारापाशीं अशी थट्टा केली होती कीं, टाटांनीं ब्रिटिश प्रमाणास उतरणारे रूळ केलेच, तर त्यांतला पौंडन् पौंड आपण खाऊन दाखवूं. ही थट्टा प्रसिद्ध आहे. परंतु तिच्यांतील एक शब्द बहुधा दुर्लक्षिला जातो. तो शब्द म्हणजे 'प्रमाण'. सरकारनें दहा वर्षें दरसाल २०,००० टन रूळ घेण्याचें मान्य केलें होतें, पण रूळ कसोटीस उतरतील तरच. स्वदेशीच्या त्या दिवसांत 'आमचा माल आहे, म्हणून घ्या' असें म्हणणें सोपें होतें, आणि पुष्कळांनीं टाळ्याहि वाजविल्या असत्या. टाटांनीं तो मार्ग धरला नाहीं. १६ फेब्रुवारी १९१२ रोजीं पोलादाचा पहिला ठोकळा निघाला. त्याच सालीं कलकत्त्यास अलीपूर येथें सरकारी परीक्षणशाळा स्थापन झाली. आणि सरकारचे धातुतपासनीस कारखान्याच्या गांवींच राहून रूळ तपासूं लागले. पहिल्या महायुद्धांत टाटांनीं मेसापोटेमियाच्या मोहिमेला सुमारें १,५०० मैल रूळ पुरविले. अप्कॉटसाहेबांनीं शब्द पाळला असता तर त्यांना थोडें अपचन झालें असतें, असें दोराबजी टाटा म्हणत. १९१९ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनीं साकचीचें नांव जमशेदपूर ठेविलें.

विक्रेत्याला तपासनीस हा वैरी वाटतो. त्यानें पत्रा नाकारला कीं नुकसान होतें आणि अपमानहि वाटतो. परंतु ज्या माणसाला टाटांचें भलें व्हावें असें वाटण्याचें कांहींहि कारण नव्हतें, त्यानें मारलेला ठसाच टाटांच्या पोलादाला जगांत पत देणारा ठरला. मित्राच्या शिफारशीला ती किंमत कधींच आली नसती.

या पतीचें मोठें स्मारक कलकत्त्यास हुगळीवर उभें आहे. हावडा पूल ३ फेब्रुवारी १९४३ रोजीं रहदारीस खुला झाला. त्याला लागलेल्या सुमारें २६,५०० टन पोलादांपैकीं २३,००० टन टाटांचें होतें, आणि त्यांत 'टिस्क्रॉम' नांवाचें खास बळकट पोलाद होतें. युद्धामुळें परदेशचा माल दुर्मिळ झालेला असतांना हा पूल उभा राहिला, आणि आज ऐंशीं वर्षांनंतरहि लक्षावधि माणसें त्यावरून जातात.

नेमक्या त्याच हिवाळ्यांत अमेरिकेंत याच्या उलट प्रकार घडला. १६ जानेवारी १९४३ च्या रात्रीं पोर्टलंड येथील गोदींत 'स्केनेक्टडी' नांवाचें नवें कोरें तेलवाहू जहाज धक्क्याला बांधून ठेविलें होतें. समुद्रावरील चांचण्या नुकत्याच पार पडल्या होत्या. पाणी शांत होतें, वादळ नव्हतें, शत्रूहि जवळ नव्हता. हवेंत मात्र कडाक्याची थंडी होती. एकाएकीं तोफेसारखा आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलें.

चौकशी सुरू झाली. अमेरिकेच्या सेनेटची एक समिति युद्धखर्चाची छाननी करीत होती. हॅरी ट्रूमन हे तिचे अध्यक्ष, जे पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. मार्च महिन्यांत या समितीपुढें पिट्सबर्गजवळच्या आयर्विन येथील पोलाद कारखान्यांतील कामगार व अधिकारी यांच्या साक्षी झाल्या, आणि जें बाहेर आलें त्यानें देश हादरला. ताणाच्या यंत्रावर पट्टी कमी भारानें तुटली तर वहींत वाढीव आंकडा लिहावयाचा. रसायनशाळेच्या आंकड्यांत बदल करून ते अटींत बसवावयाचे. आणि अशा दाखल्यांवर आरमाराला व व्यापारी जहाजखात्याला पत्रे पाठवावयाचे, असा प्रघात तेथें पडला होता. यंत्रें उत्तम होतीं, नियम छापलेले होते, तपासनीसहि नेमलेले होते. उणीव कशाची होती तर वहींत लिहिलेला आंकडा हा खरोखर यंत्रानें दाखविलेला आंकडा असण्याची. युद्धाची निकड होती, पत्रे भराभर हवे होते, आणि 'थोडा फरक आहे, एवढ्यानें काय होतें' असें म्हणणें त्या दिवसांत देशकार्यच वाटत होतें.

परंतु इतिहासानें येथेंच थांबूं नये. खोटे दाखले उघडकीस आले म्हणून 'स्केनेक्टडी' फुटण्याचें सर्व कारण सांपडलें, असें झालें नाहीं. त्या काळीं घाईनें वेल्डिंग करून बांधलेल्या 'लिबर्टी' जातीच्या कित्येक जहाजांनाहि तडे गेले, आणि त्यांतील पत्र्यांचे दाखले खोटे होते असें नाहीं. केंब्रिज विद्यापीठांतील कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि दाखवून दिलें कीं, ते पोलाद ठराविक थंडाव्याखालीं गेलें कीं आपला चिवटपणा टाकून एकदम ठिसूळ बनतें. पूर्वींच्या जहाजांत पत्रे रिव्हेटांनीं जोडलेले असत, त्यामुळें एका पत्र्याचा तडा बहुधा सांध्याशीं अडे. वेल्डिंगनें सगळें जहाज एकसंध झालें, आणि तडा एकदां निघाला म्हणजे त्याला अडविणारें कांहीं उरलें नाहीं. ताणून पाहण्याची परीक्षा उबदार खोलींत होत असे. थंडींत हें पोलाद कसें वागेल, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून त्या एका हिवाळ्यानें दोन धडे दिले. पहिला असा कीं, उत्तर खरें लिहिलें पाहिजे. दुसरा असा कीं, प्रश्न योग्य विचारला पाहिजे. पहिल्यास सचोटी लागते, दुसऱ्यास ज्ञान लागतें. आणि एकाची उणीव दुसऱ्यानें भरून येत नाहीं. प्रामाणिक अज्ञानानें दिलेला दाखलाहि जहाज बुडवूं शकतो.

हे दोन्ही धडे स्वतंत्र भारताला घेणें भाग होतें. ६ जानेवारी १९४७ रोजीं, स्वातंत्र्याच्या आधींच, भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि पोलादाचीं आपलीं प्रमाणें ठरूं लागलीं. १४ मार्च १९४८ रोजीं, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं उभारलेल्या विशाखापट्टणच्या गोदींत, 'जलउषा' हें ८,००० टनांचें जहाज पंडित नेहरूंच्या हस्तें पाण्यांत सोडण्यांत आलें. तरी लढाऊ जहाजांना लागणारा खास पत्रा मात्र पुढें कित्येक वर्षें परदेशांतूनच येत असे. कोचीन येथें विमानवाहू जहाज बांधण्याचें ठरलें तेव्हां हा पत्रा बाहेरून मिळण्यांत अडचणी आल्या. मग हैदराबाद येथील संरक्षण खात्याच्या धातुसंशोधनशाळेनें घटक ठरविले आणि भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या बोकारो, भिलाई व रूरकेला येथील कारखान्यांनीं पत्रे लाटले. 'डीएमआर २४९' असें त्या पोलादाचें रूक्ष नांव आहे. शून्याखालीं ६० अंश इतक्या थंडाव्याला आणलेल्या खांचपट्टीनेंहि घणाचा तडाखा सोसला पाहिजे, अशी त्याची एक अट आहे. आपलीं जहाजें बहुतेक उष्ण समुद्रांतच फिरतात. तरीहि ही अट घातली गेली, कारण ती शांत धक्क्यावरची रात्र जगांतील जहाजबांधणारे विसरलेले नाहींत. सुमारें ३०,००० टन असें पोलाद लागून 'विक्रांत' तयार झालें आणि २ सप्टेंबर २०२२ रोजीं नौदलांत दाखल झालें. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या 'विशाखापट्टणम' व 'मोरमुगांव' या विनाशिकांच्या अंगावरहि हेंच पोलाद आहे. 'विक्रांत'च्या त्याच समारंभांत नौदलाचें नवें निशाण फडकलें, आणि त्यावरील अष्टकोन शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेला आहे. योगायोग असा कीं, मुद्रा म्हणजेच ठसा.

येथें पुन्हा मालवणास परतलें पाहिजे, आणि तें परतणें सुखाचें नाहीं. ४ डिसेंबर २०२३ रोजीं नौदलदिनाचा सोहळा मालवणास झाला. त्या दिवशीं सिंधुदुर्गासमोरच्या राजकोटावर शिवछत्रपतींच्या सुमारें ३५ फुटी पुतळ्याचें अनावरण पंतप्रधानांच्या हस्तें झालें. पुढच्या पावसाळ्यांत, २० ऑगस्ट २०२४ रोजीं, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवण येथील अधिकाऱ्यानें नौदलाला पत्र लिहून कळविलें कीं, खाऱ्या वाऱ्यानें व पावसानें पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत आहेत. २६ ऑगस्ट रोजीं तो पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेहि झाले नव्हते. पुढें नेमलेल्या चौकशी समितीनें गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशीं कारणें दिलीं. बाहेरून पाहणाऱ्याला कांशाचें तेज दिसत होतें. आंतल्या सांगाड्याचा सांधा न् सांधा गर्दींतल्या कोणालाहि दिसणें शक्य नव्हतें.

त्या दिवशीं किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलें तें केवळ धातूचा एक पुतळा पडला म्हणून नव्हे. ज्या राजानें समोरच्या बेटावर न दिसणारें शिसें पुरतें ओतवून घेतलें, त्याच्याच नांवाचें काम त्याच्याच दुर्गासमोर एक पावसाळाहि टिकलें नाहीं, ही ती वेदना होती. त्याच जागीं २०२५ च्या मे महिन्यांत अधिक उंच व अधिक भक्कम असा नवा पुतळा उभा राहिला, हें समाधानाचें आहे. परंतु समाधानाबरोबर एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. समुद्राच्या वाऱ्याला नवें-जुनें कळत नाहीं. तो रोज खारें पाणी घेऊन येतो आणि प्रत्येक सांध्याची परीक्षा घेतो. अमात्यांनीं दारूच्या कोठारास लावलेला नियम येथेंहि लागूं आहे. ठरल्या मुदतीनें जबाबदार माणसानें जावें, उघडून पाहावें, दोष असेल तर तो निवारावा आणि मगच मुद्रा करावी. पत्र लिहिलें म्हणजे तपासणी पुरी झाली असें होत नाहीं; पत्र वाचून कोणी हातांत पाना घेऊन वर चढला पाहिजे.

पोलादाची पारख ही मोठ्या शहरांतील इंजिनियरांची बाब आहे, असें समजून सामान्य माणूस तिकडे पाठ फिरवितो. पण ज्या पुलावरून एस. टी. जाते, ज्या बोटींतून मुलें किल्ला पाहावयास जातात, ज्या टाकींतून गांवाला पाणी येतें आणि ज्या शाळेच्या छपराखालीं मुलें बसतात, तें सर्व आतां पोलादाच्या आधारावर उभें आहे. त्या पोलादाचा दाखला कोठें आहे, त्यावरचा क्रमांक कामावर लागलेल्या पत्र्याशीं जुळतो का, आणि शेवटची तपासणी कोणी व कधीं केली, हें विचारण्याचा ग्रामस्थाला पुरता अधिकार आहे. मोठमोठ्या कामांत कोनशिलेवर पाहुण्यांचीं नांवें कोरतात. तपासनिसाचें नांव कोठेंच नसतें. त्याची सही एका कागदावर असते व तो कागद एका कपाटांत असतो. तरी काम उभें राहतें तें त्या सहीवर.

होडीवर टोला मारणारा मालवणचा सुतार आवाज ऐकून झाल्यावर मालकाकडे पाहतो आणि म्हणतो, ही फळी चालेल, ती काढावी लागेल. काढावी लागेल असें म्हणतांना मालकाचा चेहरा उतरतो, खर्च वाढतो, हंगामाला उशीर होतो. तरी सुतार तें म्हणतो, कारण त्या होडींत उद्यां त्याचाच शेजारी बसणार असतो. पोलादाच्या युगांत तपासणारा कोठें असतो आणि बसणारा कोठें असतो. त्या दोघांची कधीं गांठहि पडत नाहीं. त्या अनोळखी माणसाला आपला शेजारी समजून जो आंकडा लिहील, त्याच्याच दाखल्यावर पुढच्या पिढ्यांनीं निर्धास्तपणें पाय ठेवावा.